पडल्यापडल्या खायची द्राक्षं

७ फेब्रुवारी २०२१

बेअरिंगवाली कंपनी दर वर्षी एक डायरी देते आणि मी ती दर वर्षी कुणालातरी देऊन टाकतो. यंदाची ठेवून घेतली. मनात एक गोष्ट पक्की झालीय आणि ती बोलून दाखवली तर घरचे हसतील, म्हणून इथे लिहितो.

काल वेदिकाला, माझ्या सुनेला, दवाखान्यातून घरी आणलं. हे दुसऱ्यांदा झालं. या वेळी सहावा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुलाला, क्षितिजला, बाजूला घेऊन सांगितलं, आता पुन्हा नको, तिच्या जिवावर बेतेल. हळूच सांगितलं, पण माझे कान पडले मोटारी-पंप दुरुस्त करणाऱ्याचे. बंद दाराआड पंप चालू असला तर कुठलं बेअरिंग गेलंय ते मी रस्त्यावरून सांगतो. आपल्याला ऐकू आलं नसतं तर बरं, असं जन्मात पहिल्यांदा वाटलं.

दवाखान्यात पोरीनं अन्नाला हात लावला नाही. मी रसेल मार्केटातून द्राक्षं नेली, आपली बंगळुरूची निळी. ती तेवढी तिनं घेतली. पण एकेक बी थुंकायला तिला उठून बसावं लागायचं. टाके ओढले जायचे. तोंड वाकडं करून परत पडायची. शेवटी म्हणाली, "अप्पा, राहू दे. दमले."

घरी येताना रिक्षात ठरवलं. घरामागच्या मोकळ्या जागेत बिनबियांच्या द्राक्षाची वेल लावायची. पोरीनं पडल्यापडल्या खावीत. बाजारात मिळतात, ठाऊक आहे मला. पण बाजारातून काय, कुणीही आणतं.

२ मार्च

येसाजीला फोन केला. माझ्या बायकोचा, प्रेमाचा, धाकटा भाऊ. विजापूरजवळ तिकोट्याला त्याची द्राक्षबाग आहे. आधी पोटभर हसून घेतलं त्यानं.

"दाजी, ही मोटार न्हवं. कान लावून कळायचं न्हाई."

"तू शिकव, मग कळेल."

"बी न्हाई त्याचं रोप कुठनं येणार? आधी रानटी द्राक्षाचा खुंट लावा. त्याला खायजोगतं फळ न्हाई, पर मूळ कसं, दगड फोडंल. गणपतीत मी येतो आन् त्याच्यावर बिनबियांच्या थॉमसनची काडी बसवतो."

म्हणजे मूळ एकाचं आणि फळ दुसऱ्याचं. हे मला नवीन. प्रेमा म्हणाली, "अहो, गुलाबाचं कलम नाही का करत? तसंच." चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला गुलाबाचं कलम ठाऊक आहे हे आज कळलं.

खड्डा स्वतः खणला. वेदिका खिडकीतून बघत होती. बाहेर आली नाही.

१३ सप्टेंबर

काल गौरी आल्या, परवा येसाजी आला. बसमध्ये मांडीवर ओलं पोतं घेऊन, त्यात काड्या. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? हा म्हणाला, "नवरी हाय."

सकाळी कलम बांधलं. खुंट गुडघ्याखाली कापला, मधोमध चीर दिली, काडीला पाचर तासली आणि बसवली. सालीला साल भिडली पाहिजे, एवढंच त्याचं शास्त्र. वरून प्लॅस्टिकची पट्टी. ती मला पोचट वाटली. मी दुकानातली सुती पट्टी आणली, जी आम्ही मोटारीच्या वाइंडिंगला बांधतो, आणि तिच्यावर घट्ट आवळली. येसाजी म्हणाला, "दाजी, वेल हाय. करंट सोडू नका म्हंजे झालं."

दुपारी अक्का जेवायला होती. सुशीलाबाई, माझी थोरली बहीण, मला अजून गिरीच म्हणते. स्वयंपाकघरात प्रेमाशी कुजबुजली आणि मागच्या अंगणात मला लख्ख ऐकू आलं. "बी नसलेली वेल सुनेच्या खिडकीखाली? गिरीला कुणी सांगणारं आहे की नाही? आधीच त्या पोरीचं असं."

मी असलं मानत नाही. पण एकदा कानात गेलेलं बाहेर कसं काढायचं, ती पक्कड अजून निघालेली नाही. संध्याकाळी दोनदा वेलीपाशी जाऊन उभा राहिलो. उपटावी का? वेदिकाच्या कानावर हे गेलं असेल का?

९ ऑक्टोबर

फुटली! हिरव्या बोंडातून दोन पानं, वाटाण्याएवढी.

खालच्या रानटी खुंटालाही फुटवे येतात. ते रोज खुडायचे, नाहीतर तोच सगळं खातो. मी सकाळी दुकान उघडायच्या घाईत विसरतो. आज बघतो तर कुणीतरी खुडून ठेवलेले. प्रेमाला विचारलं तर तिनं डोळ्यांनीच खिडकीकडे खूण केली.

वेदिका अंगणात उतरली होती. आठ महिन्यांनी. देवा, तुझे उपकार. मी कुणाला काही बोललो नाही, कारण बोललो की पोर परत आत जाईल. दुकानात मात्र सगळ्यांना कॉफी पाजली. विचारलं तर म्हटलं, वाढदिवस आहे. कुणाचा, ते सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी २०२२

मांडव उभा केला. पाइप मीच वेल्ड केले. वेदिका रोज चहाचा कप घेऊन तिथे उभी राहते. वेलीशी मराठीत बोलते, कारण पुण्याची. कानडी तिला अजून "स्वल्प स्वल्प", म्हणजे थोडं थोडं, एवढंच येतं. ऑफिसात मारतहळ्ळीला सगळं हिंदी-इंग्रजी, मग कानडी शिकणार कुठून?

पण घरात काहीतरी शिजतंय. काल क्षितिजच्या खोलीवरून जाताना ऐकलं (मुद्दाम नाही, मोजा वर ओढायला थांबलो होतो).

"पगाराचे कागद झाले. दोघांची मेडिकल झाली की फाइल पूर्ण."

"नंबर लागायला दोन-अडीच वर्षं म्हणतात."

"अप्पांना कसं सांगायचं?"

"आत्ता नको. ते सारखं रक्त, घराणं करतात. मोडतील ते."

मला पाहून प्रेमानं टीव्हीचा आवाज मोठा केला. म्हणजे ती सामील आहे.

मी काय ते समजलो. समोरच्या भीमाचार्यांचा मुलगा असाच गेला. फाइल, मेडिकल, नंबर, आणि एक दिवस कॅनडा. आता आचार्य आणि त्यांची बायको रविवारी मोबाइल उदबत्तीच्या घरावर टेकवून नातवंड बघतात.

पण एक कळलं नाही. वेदिका विचारत होती, "वय काय भरायचं? शून्य ते दोन की दोन ते चार?" कॅनडावाले काय काय विचारतात कोण जाणे.

१९ एप्रिल

येसाजीनं फोनवर सांगितलं तशी छाटणी केली. एप्रिलमधली ही छाटणी म्हणजे सगळं खरडून काढायचं, नुसते दांडे ठेवायचे. वर्षभर वाढवलेलं असं भुंडं करायचं? "दाजी, आत्ता कापाल तर पुढं फळ. माया कराल तर नुसता पाला."

माया केली नाही. पण रात्रीचं जेवण गेलं नाही मला. पोरं गेल्यावर हा मांडव असाच दिसेल.

१४ जुलै

आज मजा झाली. सविस्तर लिहितो.

आमच्या वॉर्डाच्या नागरिक संघानं घरगुती बागांची स्पर्धा ठेवलीय. क्षितिजनं त्याच्या नावानं अर्ज भरून दिला. परीक्षक केव्हाही येतील म्हणाले होते. आज गुरुवार, प्रेमा राघवेंद्रस्वामींच्या मठात गेलेली. मी बनियनवर, हातात पाइप. दारात एक बाई. सुती साडी, खांद्याला पिशवी. कानडीत म्हणाल्या, "मी वाणी. घर बघायचं होतं. क्षितिज आहेत का? मी स्वल्प लवकर आले."

म्हटलं, या, या, तो सिल्क बोर्डाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय, पण सगळं मीच दाखवतो. शर्ट घालून आलो आणि थेट मांडवाखाली नेलं.

बाई कसलेल्या. नुसतं झाड बघत नाहीत, बारीकसारीक विचारतात. घरात कोण कोण? दिवसभर कोण असतं? कुणी आजारी पडलं तर कोण करतं? मी म्हटलं, "मी आहे, बायको आहे, सून तर रोज सकाळी येऊन हात फिरवते. वेल इथे एकटी म्हणून कधी नसते." हसल्या आणि लिहून घेतलं.

मग मी कलमाचा जोड दाखवला. सुती पट्टी मी केव्हाच सोडलीय, पण तिथे मनगटासारखा फुगवटा आहे. म्हटलं, "हे खालचं रानातलं आहे. कुणाचं, कुठलं, मी विचारलं नाही. वरचं विजापूरचं. पहिल्या पावसाळी वाऱ्यात मला झोप लागेना, सुटतंय की काय. आता ओढून बघा. वेल दुसरीकडे कुठेही तुटेल, इथे तुटणार नाही."

"मग वेल कुणाची म्हणायची?" बाईंनी विचारलं. "मुळाची की काडीची?"

परीक्षक असून हा प्रश्न! म्हटलं, "अम्मा, पाणी मी घालतो. माझी."

बाई लिहायच्या थांबल्या. चष्म्यावरून बघत राहिल्या. मला वाटलं काहीतरी चुकलं, म्हणून आणखी सांगितलं, "आमची अक्का म्हणते, बिनबियांची वेल घरात अशुभ. अक्काचं वय झालंय. या वेलीनं माझ्या सुनेला खोलीतून अंगणात आणलं. याहून शुभ काय असतं?"

तेवढ्यात क्षितिज आणि वेदिका धावत आले. चेहरे पांढरेफटक. "अप्पा, तुम्ही... मॅडम, सॉरी, आम्ही..." बाई म्हणाल्या, "काही सॉरी नको. तुमच्या वडिलांशी छान बोलणं झालं." मग तिघं आत गेली आणि दार लावून घेतलं. साध्या बागेच्या स्पर्धेला माणसं इतकी का घाबरतात? थोड्या वेळानं आतून वेदिकाचं रडणं ऐकू आलं. पण रडण्या-रडण्यात फरक असतो. हे ते दवाखान्यातलं नव्हतं.

संध्याकाळी नागरिक संघातून फोन. "सर, परीक्षक उद्या सकाळी येतील."

मग आजची बाई कोण?

१७ जुलै

सांगितलं. तिघं समोर बसली. क्षितिज मधे, दोन बाजूंना दोघी, जशी मला पकडूनच ठेवायची होती.

मूल दत्तक घेणार आहेत. वाणीबाई संस्थेच्या. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, ते बघून त्या अहवाल लिहितात. अर्ज मार्चातच केला. मला सांगायचा त्यांना धीर होत नव्हता.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "म्हणजे कॅनडा नाही?"

"कसलं कॅनडा?" क्षितिज म्हणाला. मग प्रेमा डोळ्यांना पदर लावून हसायला लागली ती थांबेना.

क्षितिज म्हणाला, "मॅडम आम्हाला म्हणाल्या, वडिलांना समजावत बसू नका. त्यांनीच मला समजावलं." मी म्हटलं, मी तर द्राक्षाबद्दल बोलत होतो. बाईंना बागकामातलं फारसं कळत नाही, हे मला तेव्हाच जाणवलं होतं.

वेदिका माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी "बघू" म्हणून उठलो. तिचा चेहरा पडलेला दिसला तरी उठलो.

२० जुलै

तीन दिवस मन थाऱ्यावर नाही. कॅनडा टळल्याचा आनंद ओसरला आणि खालचं वर आलं. कुणाचं मूल? कसलं रक्त? उद्या शाळेत, लग्नात कुणी विचारलं तर? अक्कानं ऐकलं तेव्हा म्हणाली, "गिरी, स्वतःच्या हिमतीवर उभं केलंस सगळं, ते परक्याच्या हाती?" दुसऱ्या कुणाला सांगत नाही, पण अक्का बोलली ते माझ्याच मनातलं होतं.

आज दुकानात फ्यूज गेला. अंधारात बसलो होतो. समोर सुब्बारावांचा फोटो. हे दुकान त्यांचं. माझे वडील गेले तेव्हा मी इथे शिवाजीनगरात झाडू मारायला आलो आणि पावसाचा म्हणून एक रात्र त्यांच्या घरी राहिलो. तो पाऊस माझ्या लग्नापर्यंत थांबला नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी, अम्मा, शनिवारी मला धरून डोक्याला तेल थापायच्या. गिऱ्हाईक विचारायचं, "हा कोण?" सुब्बाराव मान वर न करता म्हणायचे, "नम्म हुडुगा." आमचा मुलगा. एवढंच. पुढे कधी काही जोडलं नाही त्याला.

ताजा हार आणून घातला. "स्वतःच्या हिमतीवर" म्हणायची सवय आहे मला. आज फोटोसमोर तोंडातून निघेना.

घरी आलो. वेदिका मांडवाखाली फुटवे खुडत होती. म्हटलं, "पोरी, त्या वाणीबाईंना फोन लाव. म्हणावं, आजोबांची सही कुठे लागत असेल तर मी तयार आहे."

"आजोबांची सही लागत नाही, अप्पा."

"मग नुसतंच सांग."

२१ ऑक्टोबर

फळछाटणीनंतर घोस डोकावले होते. आणि हा पाऊस! रोज. पानांवर तेलकट डाग, मग खाली पांढरी बुरशी. डावणी म्हणतात. येसाजीच्या सांगण्यावरून मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारलं, पण उशीर झाला. सगळे घोस काळे पडून गळले.

वेदिका म्हणाली, "जाऊ दे अप्पा. वेल आहे ना." मला धीर ती देते आता. हे काय कमी आहे?

बागेच्या स्पर्धेत तिसरा नंबर आला होता, ते लिहायचं राहिलं.

१० मार्च २०२४

गावभर पाण्याची बोंब. बोअर आटली. भाजी धुतलेलं पाणी, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं वेलीला. तरी थोडे घोस धरले. आंबट ढाण. प्रेमानं त्यांची चटणी केली. येसाजी फोनवर म्हणाला, "आमची थॉमसन आन् चटणी? तिकोट्यात कुणाला सांगू नका, घराण्याचं नाक जाईल."

नंबर अजून लागलेला नाही. फोन वाजला की वेदिका आधी वेलीकडे बघते, मग फोनकडे.

११ सप्टेंबर

आली.

दोन वर्षांची आहे. संस्थेत तिला पुट्टी म्हणायचे. कानडीत धाकट्या पोरीला म्हणतात तसं. नाव ईशानी ठेवलं, पण ते ऐकून ती मागे वळून दुसऱ्या कुणाला तरी शोधते. पुट्टी म्हटलं की बघते. म्हणून पुट्टीच.

दुपारी रडायला लागली. "एत्तिको, एत्तिको," एकच धोशा. वेदिकानं दूध दिलं, बाहुली दिली, पंखा लावला, स्वतःही रडकुंडीला आली. "अप्पा, काय हवंय तिला? मला कळत नाहीये! माझं मूल आणि मला कळत नाहीये!"

म्हटलं, "अगं, उचलून घे म्हणते."

तिनं उचललं. पोर गप्प.

एवढी वर्षं या कानांनी लोकांची गुपितं ऐकली आणि चुकीची लावली. आज कामाला आले. संध्याकाळभर मी दुभाषा. नीरु म्हणजे पाणी, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे. वेदिका हातावर लिहून घेत होती.

अक्का आली. दारातच उभी राहिली. पोरीला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी तयारीत होतो, काही बोलली की सुनावायचंच. तर म्हणाली, "खणाचं परकर-पोलकं शिवायचं म्हणजे मापं कोण देणार? मी डोळ्यांनी मोजू काय?"

१८ मार्च २०२५

आज वाणीबाई आल्या होत्या. सहा महिने झाले की मूल कसं रुळलंय ते बघायला येतात. परकर-पोलक्यातल्या पुट्टीनं त्यांना पाटावर बसवलं आणि मराठीत दरडावलं, "बस गपचूप." हे प्रेमाचं.

मांडव लगडलाय. यंदा पाऊस नेमका आवरला, पाणीही पुरलं. पोपटी, लांबट मणी, उन्हात बघितले तर आरपार. पुट्टीला अख्खं द्राक्ष देत नाही, घशात अडकतं. वेदिका एकेका द्राक्षाच्या उभ्या चार फोडी करते आणि हिला तेवढा दम निघत नाही.

वाणीबाई म्हणाल्या, "तो जोड दाखवा ना पुन्हा. त्या दिवशी दाखवला होता."

मी वाकलो. खोड आता दंडाएवढं झालंय, साल सुटून लोंबते. इथे असेल म्हणून बोट फिरवलं, तिथे असेल म्हणून फिरवलं. येसाजीनं खुंट गुडघ्याखाली कापला होता हे नक्की. पण माझ्या गुडघ्याखाली की त्याच्या? साली सोलून बघितल्या. हाताला काही लागेना.

"चष्मा बदलायला झालाय," मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, "राहू दे. मी लिहिते, आढळला नाही." आणि खरंच काहीतरी लिहिलं. चांगल्या आहेत, पण या कामात अजून कच्च्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी या, शोधून ठेवतो.

त्या गेल्यावर वेदिका मांडवाखाली चटई टाकून आडवी झाली. आज ऑफिसला सुट्टी घेतली होती. पुट्टी तिच्या पोटावर बसली. शेजारी पहिल्या घोसाची परडी. पोर एकेक मणी तोडायची, वेदिकाच्या तोंडात घालायची, आणि हिनं गिळला की नाही ते बोटानं ओठ उघडून तपासायची. मग पुढचा. वेदिका डोळे मिटून "आणखी" म्हणायची.

मी पाइप हातात घेऊन उभा होतो. पाणी सोडायचं विसरलो. परडी रिकामी झाली. वेदिकाला एकदाही उठावं लागलं नाही.